मूटाँचा मान : एका फ्रेंच द्राक्षमळ्याची कथा

गांवच्या पोळ्यांत पहिल्या बैलजोडीचा मान कोणत्या वाड्याचा, या प्रश्नावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले तंटे महाराष्ट्राला अपरिचित नाहींत. ज्याला मान मिळतो त्याच्या पदरांत रोख असें फारसें कांहीं पडत नाहीं. पण ज्याचा मान हुकतो त्याच्या मनांतील सल आजोबांकडून नातवाकडे जमिनीच्या उताऱ्याप्रमाणें चालत येतो. फ्रान्समधील एका द्राक्षमळ्यानें असाच एक सल ११८ वर्षें जतन केला. त्या मळ्याचें नांव शातो मूटाँ रॉथशिल्ड. तेथील तांबड्या मद्याला १८५५ सालीं दुसऱ्या प्रतींत बसविण्यांत आलें आणि १९७३ सालीं पहिल्या प्रतींत घेण्यांत आलें. मधल्या काळांत त्या मळ्यानें एकाच घराण्याच्या चार पिढ्या पाहिल्या, तीन युद्धें पाहिलीं आणि वेलींचा निर्वंश करूं पाहणारे रोगहि पाहिले. ज्यानें मद्याचा थेंबहि कधीं ओठाला लावला नाहीं अशा श्रोत्यालाहि ही हकीकत ऐकण्यासारखी वाटेल. कारण तिचा विषय प्याला हा नसून जमीन, घराणें आणि इभ्रत हा आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र होतात आणि जिरोंद नांवाच्या रुंद खाडीच्या रूपानें अटलांटिक महासागरास मिळतात. बोर्दो हें शहर गारोनच्या कांठीं, संगमाच्या थोडें वरच्या बाजूस वसलेलें आहे. या खाडीच्या डाव्या तीराला मेदोक म्हणतात. एके काळीं हा प्रदेश पाणथळ होता. सतराव्या शतकांत डच अभियंत्यांनीं चर खणून त्यांतील पाणी काढून दिलें, तेव्हां कोठें खाडीकांठचे वाळूगोट्यांचे उंचवटे लागवडीस मोकळे झाले. या उंचवट्यांत मातीपेक्षां गोटेच अधिक. डोंगरांतून नद्यांनीं युगानुयुगें वाहून आणलेले ते गोटे पाणी धरून ठेवीत नाहींत, आणि दिवसा घेतलेली ऊब रात्रीं वेलींना परत देतात. जेथें दुसरें पीक उपाशी मरेल तेथें द्राक्षाची वेल पाण्याच्या शोधांत मुळें खोल खोल नेते. तिला घड थोडे येतात, पण त्यांचा रस दाट असतो. बोर्दोच्या वायव्येस सुमारें ५० किलोमीटरवर पोयाक हें गांव आहे. त्याच्या परिसरांतील अशाच एका उंचवट्यावर मूटाँचा मळा पसरलेला आहे. फ्रेंच भाषेंत मूटाँ म्हणजे मेंढा. परंतु या नांवाचें मूळ 'उंचवटा' या अर्थाच्या एका जुन्या शब्दांत असावें, असें जाणते सांगतात. धन्यांनीं मात्र मेंढ्यालाच आपलें चिन्ह करून टाकलें.

मळा सुमारें २०० एकरांचा. लागवडींत पांचांपैकीं चार हिस्से काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या, जाड सालीच्या जातीचे. उरलेल्यांत मुख्यतः मर्लो. सप्टेंबरच्या अखेरीस घड हातांनीं खुडतात, देंठ काढून टाकतात आणि द्राक्षें सालींसकट मोठ्या पिंपांत आंबवितात. तांबड्या मद्याचें मर्म येथेंच आहे. काळ्या द्राक्षाचा रससुद्धां स्वभावतः फिका असतो. रंग, तुरटपणा आणि पुष्कळसा सुगंध सालींतून येतो. आंबल्यानंतर तें मद्य ओकच्या लांकडाच्या २२५ लिटरांच्या पिंपांत दीड-पावणेदोन वर्षें मुरतें. मधून मधून गाळ खालीं ठेवून वरचें मद्य दुसऱ्या पिंपांत घेतात, आणि शेवटीं अंड्याच्या पांढऱ्या बलकानें तें निवळवितात. तरुणपणीं हें मद्य कडक व तुरट लागतें. बाटलींत दहा, वीस, कधीं पन्नास वर्षें पडून राहिल्यावर त्याचा स्वभाव मऊ होतो. म्हणजे हा धंदा आज लावून उद्यां मोजण्याचा नव्हे. बापानें लावावें, मुलानें विकावें आणि नातवानें नांव कमवावें, असा त्याचा हिशेब आहे. अशा धंद्याला एकच घराणें दीर्घकाळ धनी असणें कां उपकारक ठरतें, तें यावरून समजेल.

रॉथशिल्डांच्या आधीं हा मळा ब्रान नांवाच्या सरदार घराण्याचा होता, आणि त्याला ब्रान-मूटाँ म्हणत. काबर्ने सोव्हिन्योंची थोरवी ओळखून तिचा प्रसार करणाऱ्यांत या घराण्यांतील हेक्टर द ब्रान याचें नांव घेतात. १८३० सालीं त्यानें मळा पॅरिसच्या एका सावकाराला विकला. त्यानंतर १८५३ च्या मे महिन्यांत मूटाँचा लिलांव झाला, आणि अकरा लाख फ्रँकांहून अधिक किंमत देऊन नॅथॅनिएल द रॉथशिल्ड यानें तो घेतला.

रॉथशिल्ड घराण्याची कीर्ति सांगावयास नको. फ्रँकफुर्टच्या कोंदट ज्यू वस्तींत वाढलेल्या मायर आम्शेलच्या पांच मुलांनीं फ्रँकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस या पांच शहरीं पेढ्या थाटल्या, आणि युरोपांतील राजे त्यांच्या ऋणांत बांधले गेले. नॅथॅनिएल हा लंडन शाखेचा. परंतु पॅरिस शाखेच्या जेम्सची मुलगी, म्हणजे आपल्या चुलत्याचीच मुलगी, त्यानें केली होती आणि तो पॅरिसला स्थायिक झाला होता. आपल्या पाहुण्यांना आपल्याच मळ्यांतील मद्य द्यावें, ही त्याची हौस. त्यानें मळा घेतला तेव्हां भुरी नांवाच्या बुरशीनें फ्रान्सभर वेली पांढऱ्या पडत होत्या. पुढें गंधकाची भुकटी धुरळल्यानें ती आटोक्यांत येते असें दिसून आलें. अशा संकटाच्या काळांत केलेली ही खरेदी होती.

खरेदीला दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८५५ सालीं, सम्राट तिसऱ्या नेपोलियननें पॅरिसला मोठें जागतिक प्रदर्शन भरविलें. बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी तेथें मांडावयाची होती. शहराच्या व्यापारी मंडळानें हें काम मद्याच्या दलालांवर सोंपविलें. दलालांनीं चव घेण्याच्या सभा भरविल्या नाहींत. त्यांच्यापाशीं वर्षानुवर्षांच्या भावांच्या वह्या होत्या. ज्याला भाव अधिक तो वरचा, हें त्यांचें सरळ माप. १८ एप्रिल १८५५ रोजीं त्यांनीं पांच प्रतींची यादी हवालीं केली. पहिल्या प्रतींत चारच नांवें होतीं : लाफीत, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रिआँ. यांपैकीं लातूर हें नांव मराठी कानाला घरचें वाटेल. पण या नामसाम्यापलीकडे दोन्ही ठिकाणांचा कांहीं संबंध नाहीं. मूटाँ दुसऱ्या प्रतींत गेलें. त्या प्रतींत तें अग्रभागीं होतें खरें. पण दुसऱ्या रांगेंतील पहिला तो शेवटीं दुसऱ्या रांगेंतलाच.

असें कां झालें, याविषयीं पुढें पुष्कळ तर्क लढविले गेले. मळा नुकताच परक्या ज्यू सावकाराच्या हातीं गेला म्हणून डावलला, असें घराण्याचे कैवारी म्हणत. दलालांच्या बाजूनें बोलणारे म्हणत, कीं अनेक वर्षांच्या सरासरींत मूटाँचा भाव त्या चौघांच्या खालींच होता. कसेंहि असो, प्रदर्शनापुरती केलेली ती यादी प्रदर्शन उठल्यावर विसरली जावयाची, ती शिलालेखाप्रमाणें कायम होऊन बसली. मळ्याचें मोल, मद्याचा भाव आणि धन्याची प्रतिष्ठा या तिन्हींवर तिचा शिक्का पडला. फ्रान्सच्या रोहाँ नांवाच्या मानी सरदार घराण्याच्या बोधवाक्याचा सांचा घेऊन मूटाँनेंहि आपलें वाक्य घडविलें. त्याचा भावार्थ असा : 'पहिला होणें शक्य नाहीं, दुसरा म्हणवून घेणें मान्य नाहीं, मी मूटाँ आहें.'

या सलावर मीठ चोळलें तें घरच्याच माणसांनीं. १८६८ सालीं नॅथॅनिएलचा सासरा व चुलता जेम्स यानें शेजारचाच, बांधाला बांध लागून असलेला लाफीतचा मळा विकत घेतला. लाफीत म्हणजे पहिल्या प्रतींतील मानकरी. त्यामुळें एकाच आडनांवाचीं दोन घरें शेजारीं शेजारीं, एक पहिल्या पंक्तीला आणि एक दुसऱ्या पंक्तीला, अशी स्थिति झाली. भाऊबंदकीला याहून सुपीक जमीन कोणती?

यानंतरचा काळ मानापेक्षां प्राण वांचविण्याचा होता. अमेरिकेंतून आलेली फिलॉक्सेरा नांवाची सूक्ष्म कीड १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या दक्षिणेस दिसूं लागली आणि मुळांतील रस शोषून तिनें मळेच्या मळे वाळविले. औषधें थकलीं. शेवटीं उपाय सांपडला तो असा, कीं जी अमेरिकन वेल या किडीला दाद देत नाहीं तिचा खुंट घ्यावा आणि त्यावर फ्रेंच वेलीचें कलम बांधावें. पाठोपाठ केवडा रोग आला. पोयाकच्या शेजारच्या सेंट-जुलिएन गांवीं वाटसरूंनीं घड तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना यांचें निळसर, किळसवाणें दिसणारें पाणी शिंपडीत. त्याच वेलींचीं पानें तेवढीं हिरवीं राहिलीं, हें बोर्दोच्या विद्यापीठांतील मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानांत आलें, आणि प्रयोगाअंतीं १८८५ सालीं त्यानें तो उपाय जगापुढें ठेवला. हेंच तें बोर्डो मिश्रण. नाशिक, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदाराच्या तोंडीं आजहि तें नांव आहे. आणि येथील पुष्कळशा बागाहि अमेरिकन खुंटावर बांधलेल्या कलमांच्याच आहेत. मेदोकच्या मळेवाल्यांनीं संकटांत शोधलेली विद्या अशा रीतीनें गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोंचली.

नॅथॅनिएल १८७० सालीं वारला. त्याचा मुलगा ग्रंथसंग्राहक होता, आणि नातू आंरी हा डॉक्टर व नाटककार. पॅरिसच्या रहिवाशांना दूरच्या मळ्याचें फारसें कौतुक नव्हतें. कारभारी पाहत आणि हिशेब पाठवीत. हें चित्र पालटलें तें १९२२ सालीं, जेव्हां आंरीचा धाकटा मुलगा फिलिप यानें वयाच्या विसाव्या वर्षीं मूटाँचा कारभार हातीं घेतला. हा तरुण कांहीं विरक्त शेतकरी नव्हता. खोट्या नांवानें तो मोटारींच्या शर्यतींत उतरे; १९२९ सालीं मोनॅकोच्या पहिल्याच शर्यतींत तो धांवला. वडिलांनीं पॅरिसला बांधलेल्या नाटकगृहाची व्यवस्थाहि त्यानें पाहिली. पण जें काम हातीं घ्यावें त्यांत जुनी रीत कां, असें विचारण्याची त्याला संवय होती, आणि मूटाँचें भाग्य त्या संवयीनें उजळलें.

त्या काळची रीत अशी होती, कीं मळेवाल्यानें मद्य तयार करावें आणि पिंपें भरून बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे रवाना करावीं. पुढें तें मुरविणें, बाटल्यांत भरणें आणि विकणें हें सर्व व्यापाऱ्यांच्या वखारींत होई. त्या वखारींत कशांत काय मिसळलें जाई तें मळ्याच्या धन्याला कळण्याचा मार्ग नव्हता. बाटलीवर नांव मात्र त्याचें. फिलिपनें ठरविलें, कीं १९२४ च्या पिकापासून सगळें मद्य मळ्यावरच बाटल्यांत भरावयाचें. नांव आमचें असेल तर बूचहि आम्हीच मारूं, असा हा बाणा. यासाठीं त्यानें पहिल्या प्रतीच्या चारहि मळ्यांना आपल्याबरोबर घेतलें. दुसऱ्या रांगेंतल्यानें पहिल्या रांगेला वाट दाखविली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बाटल्या आणि पिंपें मळ्यावर राहूं लागलीं तेव्हां जागा पुरेना. मग शार्ल सिक्लिस या वास्तुशिल्पज्ञाकडून १९२६ सालीं १०० मीटर लांबीचें भव्य दालन बांधून घेतलें. १९२४ च्या बाटलीसाठीं ज्याँ कार्लू या जाहिरातचित्रकारानें मेंढ्याचें मस्तक आणि रॉथशिल्डांचे पांच बाण घेऊन नव्या धर्तीचें लेबल रेखाटलें. तें त्या वेळीं लोकांना फारच अगोचर वाटलें आणि पुढें कांहीं वर्षांनीं मागें पडलें. पण एक बीज पेरलें गेलें.

१९३०, १९३१ आणि १९३२ हीं तीन वर्षें पावसानें नासलीं. वाईट वर्षाचें मद्य मूटाँच्या नांवानें विकावें तर नांव जातें, फेंकून द्यावें तर घर बुडतें. फिलिपनें १९३० चें मद्य 'मूटाँ काडे' या निराळ्या नांवानें, स्वस्त भावांत बाजारांत आणलें. काडे म्हणजे धाकटा. तो स्वतःहि घरांत धाकटाच होता. हें नांव पुढें इतकें चाललें, कीं आसपासच्या शेतकऱ्यांकडून माल घेऊन तें बनवूं लागले आणि बोर्दोच्या सर्वांत खपाच्या मद्यांत त्याची गणना झाली.

मग युद्ध आलें. १९४० सालीं फ्रान्स पडला, आणि विशीच्या सरकारनें ज्यूंच्या मालमत्तांवर हात टाकला. मूटाँ जप्त झालें. जर्मन सैनिक तेथें येऊन राहिले. फिलिपला मोरोक्कोंत कैद झाली. सुटल्यावर तो पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्यें उतरला आणि तेथून इंग्लंडला जाऊन द गोलच्या स्वतंत्र फ्रेंच सेनेंत दाखल झाला. त्याची पत्नी एलिझाबेत आणि १९३३ सालीं जन्मलेली मुलगी फिलिपीन या फ्रान्समध्येंच राहिल्या. एलिझाबेत जन्मानें कॅथलिक, एका जुन्या फ्रेंच सरदार घराण्यांतील. तिच्या अंगांत ज्यू रक्ताचा अंश नव्हता. पण नांव रॉथशिल्ड होतें. १९४४ सालीं गेस्टापोनें तिला मुलीच्या डोळ्यांदेखत पकडून नेलें. १९४५ च्या मार्च महिन्यांत, युद्ध संपण्यास जेमतेम सहा आठवडे उरले असतां, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणींत तिचा अंत झाला. ज्या नांवाच्या मानासाठीं एवढा अट्टाहास चालला होता, त्याच नांवाची ही किंमत तिनें भरली.

फिलिप परतला तो अशा घरीं. १९४५ च्या मे महिन्याच्या आरंभीं कडाक्याचें दंव पडून बरेचसे कोंब करपले होते. पुढें उन्हाळा कोरडा आणि तापलेला गेला. घड थोडे आले, पण त्यांतून निघालेलें मद्य त्या शतकांतील श्रेष्ठ मद्यांपैकीं एक मानलें जातें. त्या वर्षीच्या बाटलीवर फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकारानें विजयाचें व्ही हें अक्षर काढलें. तेथपासून दरवर्षीं नव्या चित्रकाराकडून लेबल करून घेण्याचा प्रघात पडला. १९४७ सालीं ज्याँ कॉक्तो, १९५५ सालीं ब्राक, १९५८ सालीं दाली, १९६४ सालीं हेन्री मूर, १९६९ सालीं मिरो, १९७० सालीं शागाल, अशी ती मालिका आहे. मोबदला पैशांत नव्हे, मद्याच्या पेट्यांत. १९६२ सालीं फिलिपनें दुसरी पत्नी पोलीन हिच्या साहाय्यानें मळ्यावर मद्यविषयक कलावस्तूंचें संग्रहालय उभारलें. त्याचें उद्‌घाटन मंत्री आंद्रे मालरो यांच्या हस्तें झालें.

इकडे १८५५ ची यादी बदलून घेण्याची खटपट फिलिपनें दशकानुदशकें चालू ठेवली. अर्ज, भेटीगांठी, वाद, सर्व झालें. अडचण अशी होती, कीं एकाला वर घेतलें म्हणजे कोणाला तरी खालीं उतरवावें लागेल, अशी सर्वांनाच धास्ती. लाफीतच्या भाऊबंदांनाहि शेजाऱ्याची बरोबरी गोड लागण्याचें कारण नव्हतें. अखेर कोणालाहि न उतरवितां एकट्या मूटाँला वर घेण्याचा मार्ग निघाला, आणि १९७३ च्या जून महिन्यांत शेतकी मंत्री जाक शिराक यांनीं हुकुमावर सही केली. हेच शिराक पुढें फ्रान्सचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या प्रतींतून पहिल्या प्रतींत चढल्याचें एवढें एकच उदाहरण त्या यादीच्या इतिहासांत आहे. फिलिप तेव्हां ७१ वर्षांचा होता. बोधवाक्य बदललें : 'पहिला आहें, दुसरा होतों, मूटाँ बदलत नाहीं.' त्या वर्षीच्या लेबलावर त्याच वर्षीं निवर्तलेल्या पिकासोचें चित्र छापलें गेलें. गंमत अशी, कीं १९७३ चें पीक मात्र बेताचेंच निघालें.

दैवाची थट्टा येथेंच थांबली नाहीं. १९७६ च्या मे महिन्यांत एका इंग्रज व्यापाऱ्यानें पॅरिसला फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या मद्यांची, नांवें झांकून, परीक्षा घेतली. परीक्षक सारे फ्रेंच. तांबड्या मद्यांत कॅलिफोर्नियाच्या एका नव्या मळ्याचें मद्य पहिलें आलें, आणि १९७० चें मूटाँ दुसरें. तीन वर्षांपूर्वीं सरकारी हुकुमानें पुसलेला आंकडा परीक्षकांच्या कागदावर पुन्हा उमटला. फिलिपनें त्याचा राग धरला नाहीं, कीं धरला तरी तो कामीं लावला, हें सांगणें कठीण. पण कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट मोंडावीशीं भागीदारी करून १९७९ च्या पिकापासून त्यानें तिकडेच 'ओपस वन' नांवाचें मद्य काढलें.

१९८८ सालीं फिलिप वारला. ज्या मुलीच्या डोळ्यांदेखत तिची आई नेली गेली ती फिलिपीन तोंवर पॅरिसची नामांकित नटी होती. रंगभूमि सोडून तिनें मळा सांभाळला आणि लेबलांच्या मूळ चित्रांचें प्रदर्शन देशोदेशीं नेलें. २००९ च्या पिकाच्या लेबलासाठीं तिनें ज्याच्याकडून चित्र घेतलें तो शिल्पकार अनीश कपूर. त्याचा जन्म १९५४ सालीं मुंबईंत झाला. २०१४ सालीं फिलिपीन निवर्तली, आणि मळा तिच्या तिघां मुलांकडे आला.

या सर्व हकीकतीकडे मागें वळून पाहतां एक गोष्ट सहज डोळ्यांत भरते. मळ्यावर बाटल्या भरण्याची सुधारणा १९२४ ची. वाईट पीक स्वतःच्या नांवानें न विकण्याचा निश्चय १९३० चा. शतकांतील श्रेष्ठ मद्य १९४५ चें. मूटाँची थोरवी जिच्यांत आहे तीं सारीं कामें तो मळा दुसऱ्या प्रतींत असतांनाच झालीं. हुकुमावर सही होण्यापूर्वीं बाजारांत त्याचा भाव पहिल्या प्रतीच्या मळ्यांच्या बरोबरीचा झालेला होता, म्हणजे दलालांच्या जुन्या मापानेंहि तो मान त्याला मिळून चुकलेला होता. सरकारनें १९७३ सालीं दिला तो मान नव्हे. फार दिवस थकलेली एक बाकी चुकती केली, इतकेंच.